मुंजीचं केटरिंग: जेवण बरं, वाढपी पोरं एक नंबर, आणि स्टार कुठे कापले ते पुढे वाचा

मे महिन्यात धाकट्याची मुंज झाली. कोथरूडातलं कार्यालय, सकाळी पंगत, संध्याकाळी बुफे, दोन्ही एकाच केटररकडे दिलेलं. तेव्हापासून जो भेटतोय तो विचारतोय केटरर कसा होता, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. नाव लिहिणार नाही, मेसेज करून मागू पण नका, कारण माझी जी तक्रार आहे ती या एकट्याची नाहीये, मी नंतर चार ठिकाणी विचारलं तर सगळीकडे थोडंफार असंच, मग एकालाच चौकात उभं करून काय मिळणार.

जेवणाचं आधी उरकते. सकाळचं ताट टिपिकल आपलं पुणेरी, साधं वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, नारळाची चटणी, पंचामृत, पुऱ्या, जिलबी, मठ्ठा. मसालेभात खरंच सुंदर, तोंडली नीट शिजलेली आणि वरून ओलं खोबरं हात आखडता न घेता. अळूत मुळा आणि दाणे दोन्ही होते, तेव्हाच कळलं आचारी जुना आहे. पुऱ्या दुसऱ्या पंगतीला गार आल्या. मठ्ठा संपत आला तसं त्यात पाणी वाढवलं, ते लपत नाही हो, मे महिन्यात माणसं जेवणापेक्षा मठ्ठ्यावरच बसलेली असतात हे केटररला आपण सांगायला हवं का. संध्याकाळी पावभाजी, पाणीपुरी, कुल्फी, ठीक, लक्षात राहण्यासारखं काही नाही. ताटाचा रेट कोथरूडच्या मानाने मधला होता, ना स्वस्त ना लुटालूट.

आता वाढप. खरं सांगायचं तर या रिव्ह्यूचं कारण तेच आहे.

सकाळी साडेनऊला कार्यालयाच्या मागच्या गेटने पंधरा-वीस पोरं आत आली, पांढरा शर्ट काळी पँट, पायात मात्र ज्याचे त्याचे स्पोर्ट शूज, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मी तर घाबरलेच. आमच्या सासूबाई म्हणाल्या, अगं हे वाढपी आहेत का कॉलेजची पिकनिक आलीये. आणि ते खरंच कॉलेजच होतं, अर्धी पोरं अकरावी-बारावीची, चार-पाच तर नुकती दहावीची परीक्षा देऊन रिझल्टची वाट बघणारी, आणि वर एक कॅप्टन म्हणून बावीस-तेवीसचा मुलगा. पूर्वी वाढपी म्हणजे सोवळं नाहीतर निदान पंचा खांद्यावर टाकलेले, पन्नाशीचे, नावाने ओळखीचे बाप्ये असायचे, ते आता फारसे मिळत नाहीत, त्यांची मुलं बँकेत नाहीतर आयटीत गेली. मग ही जागा या पोरांनी भरून काढलीये आणि आपल्याला पत्ताच नाही, आपण नुसतं 'ए भात आण' म्हणतो.

हे चालतं कसं ते मी दुपारी त्यांच्याकडूनच काढून घेतलं (मला गप्पा मारल्याशिवाय राहवत नाही, घरचे वैतागतात). कॅप्टनचा एक व्हॉट्सॅप ग्रुप असतो, त्यावर आदल्या आठवड्यात मेसेज पडतो, रविवार, कर्वेनगर, वीस पोरं, सकाळची शिफ्ट, इतके पैसे. जो आधी 'मी' टाकेल तो आत. पण गंमत अशी की कोणी एकटा 'मी' टाकतच नाही. 'आम्ही चौघं' असं टाकतात, चौघांना जागा नसेल तर चौघंही येत नाहीत. एकाला विचारलं असं का रे, तर म्हणे काकू एकट्याने भांडी उचलायला कोण जाईल, गँग असली की मजा येते, पैसे पण मिळतात आणि घरी 'कामाला चाललोय' सांगता येतं, नुसतं 'फिरायला चाललोय' म्हटलं तर आई दहा प्रश्न विचारते. हे ऐकून मी जरा गप्पच झाले, कारण दहा प्रश्न विचारणारी आई मीच की.

म्हणजे आपण समजतो पोरं पैशासाठी राबतायत, आणि काही जण खरंच त्यासाठीच येतात, एकाच्या वडिलांची रिक्षा बंद पडलेली होती आणि तो क्लासची फी जमवत होता, ते सांगताना त्याने आवाजसुद्धा बारीक केला नाही. पण बऱ्याच जणांना हवी असते मित्रांबरोबर घालवायला एक आख्खी दुपार, जिथे आईवडील नाहीत, सर नाहीत. पुण्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी बसायचं तरी कुठे सांगा मला. सोसायटीच्या कट्ट्यावर बसले की वॉचमन उठवतो. कॅफेत कोल्ड कॉफी घ्यायची तर तिघांत एक घेऊन दोन तास काढावे लागतात आणि वेटर टेबल पुसून पुसून सुचवत राहतो. टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळायचं तर तासाचे पैसे, ते पण आधी ऑनलाइन भरायचे. झेड ब्रिजवर बसलं तर ओळखीचा काका हमखास तिथूनच जातो. पर्वती, तळजाई फुकट आहे पण ती पहाटेची जागा, आणि ही पोरं सुट्टीत पहाटे उठतील तर शपथ. सिंहगडावर जायचं तर पेट्रोल आणि वर पिठलं-भाकरी, दही. सगळ्याला पैसे लागतात, आणि दर वेळी बाबांकडे हात पसरायला या वयात नको वाटतं, ते आपल्याला पण वाटायचंच.

पैसे जातात कुठे ते पण ऐका. एकाला बूट घ्यायचे होते, त्याने मला फोनवर फोटो दाखवला, किंमत बघून मी फोन परत दिला. दोघी मुली होत्या त्यातली एक म्हणाली हाँगकाँग लेनमधून कानातले आणि एफसी रोडवरून जीन्स, आईबरोबर गेलं की आई तुळशीबागेतच नेते. एकाने मेट्रोचं कार्ड काढलंय विद्यार्थ्यांचं, त्यावर तिकिटात तीस टक्के सूट मिळते, तेवढीच बचत, असं त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूच आलं. ढोल पथकातली पण दोघं होती, जूनपासून सराव सुरू झाला की शनिवार-रविवार संध्याकाळ तिकडे, म्हणून एप्रिल-मे मध्येच जमेल तेवढं कमवून ठेवायचं.

बरं, वाढतात कसं? मी सुरुवातीला दोन मिनिटं बघितलं तर एकाने कोशिंबीर उजवीकडे वाढली. आमचे चुलत सासरे लगेच, अरे डावी-उजवी कळते का, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात मध्ये. पोरगं बिचारं 'सॉरी आजोबा' म्हणालं आणि पुढच्या पानापासून एकही वाटी चुकली नाही, इतकंच नाही तर मागून येणाऱ्या चटणीवाल्याला पण त्याने कोपराने ढोसून डावीकडे वळवलं. शिकतात हो पटकन. आग्रह मात्र त्यांना येत नाही. जुने वाढपी 'घ्या हो, एका जिलबीने काय होतंय' म्हणत पानात टाकून मोकळे व्हायचे, ही पोरं विचारतात 'काका जिलबी हवी का?', काका म्हणतात नको, आणि पोरगं पुढे. काकांचं 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचार' असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं! दोन-तीन काका नंतर माझ्याकडे येऊन जिलबी कमी पडली का विचारून गेले. परातभर उरली होती.

मातृभोजनाला (मुंजीत बटू आईबरोबर जेवतो ते) वाढायला जो मुलगा दिला होता त्याला माझ्याकडून वेगळे पाच स्टार. बटू आणि अष्टवर्गातली आठ कार्टी म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरी मुंज झालीये त्यांना माहितीये, एकाला भात नको, एकाला फक्त जिलबी, एकजण पाटावरून घसरून टेबलाखाली. हा अकरावीचा पोरगा गुडघ्यावर बसून प्रत्येकाला विचारत होता, तू कुठल्या आयपीएल टीमचा, सीएसके म्हणाला की 'मग थाला सारखं शेवटच्या घासापर्यंत खेळायचं', आणि ती पोरं चक्क वरण-भात जेवली. भटजी पण बघत राहिले. घरी धाकटा भाऊ आहे म्हणाला, त्याची सवय.

आता जरा अवघड गोष्ट. माझी मोठी लेक यंदा बारावीत गेलीये. आजीची नऊवारी नेसून नथ घालून मिरवत होती आणि पहिल्या पंगतीला पाण्याचा जग घेऊन जी मुलगी आली ती हिच्याच क्लासच्या बॅचमधली. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि दोघींनीही बघितलंच नाही असं केलं. मी लांबून बघत होते, आख्खी पंगत हे नाटक चाललं, ती मुलगी हिची लाइन सोडून पलीकडच्या लाइनला पाणी वाढायला लागली आणि ही ताटात मान घालून बसली. मला कळेना काय करावं, मध्ये पडावं तर दोघी आणखी लाजणार. शेवटी जिलबीच्या वेळी ती मुलगीच परात घेऊन समोर उभी राहिली, 'घे की, तुझ्याच भावाची मुंज आहे ना, फुकट मिळतीये', आणि माझी लेक फिसकन हसली, मग दोघी सुटल्याच. दुसऱ्या पंगतीला लेकीने पदर खोचून तुपाची तामली हातात घेतली आणि त्या मुलीबरोबर वाढत फिरली. फोटोग्राफरने नेमका तो फोटो काढला नाही, त्याचाही एक रिव्ह्यू लिहिणारे मी.

सासूबाईंना ते पटलं नाही. पाहुण्यांसमोर घरच्या मुलीने वाढलं त्याचं काही नाही, ते तर कौतुकाचंच, पण रात्री लेक म्हणाली मला पण त्या ग्रुपमध्ये ॲड करायला सांगितलंय, तेव्हा भडका उडाला. आपल्यात असली कामं कोणी केली नाहीत वगैरे. त्यावर सासरे पेपर खाली न ठेवता म्हणाले, माझे वडील या पुण्यात वार लावून जेवले, सात घरी सात वार, भांडी पण घासली असतील, ते विचारलं नाही कोणी. विषय तिथे तरी थांबला. आणि एरवी आपण कमवा आणि शिका म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेऊन टाळ्या वाजवतो, विद्यापीठाच्या योजनेलाही त्यांचंच नाव आहे, पण ती डिग्रीच्या मुलांना, ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना असं काही नाही, त्यांनी मग केटररचा ग्रुपच शोधायचा.

आता तक्रार. स्टार इथे कापले.

पहिली गोष्ट, पोरांचं जेवण. साडेनऊला आलेली पोरं साडेतीनपर्यंत उपाशी. चहा आणि दोन बिस्किटं एवढंच. साडेतीनला बसली तेव्हा मसालेभात संपलेला, गार पुऱ्या, बटाटा भाजी आणि तळाचं वरण. जिलबीची परात भरलेली होती तरी ती 'पार्टीची आहे, पॅक करून द्यायचीये' म्हणून दिली नाही. पार्टी म्हणजे मीच ना! मी जाऊन परात उचलून त्यांच्यात ठेवली तर केटरर म्हणतो, मॅडम ही पोरं सवयीची आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका. सवयीची कसली, त्यातल्या एकाचा तो पहिला दिवस होता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. संध्याकाळच्या बुफेला तीच पोरं. सगळी नाही, पण सहा-सात जणं सकाळपासूनची तशीच पुढे थांबवलेली, डबल शिफ्ट. रात्री साडेदहाला पाणीपुरीच्या काउंटरमागे मातृभोजनवालाच पोरगा उभा. म्हटलं अरे तू अजून इथे? तर म्हणे, काकू, डबलचे पैसे जास्त मिळतात. वय किती रे? सतरा पूर्ण व्हायचेत. घरी धायरीला कसा जाणार? मित्राच्या गाडीवर. मित्र किती वर्षांचा? काकू जाऊ द्या ना. आणि ट्रिपल सीट असणार ते विचारायची मला गरजच पडली नाही. सोळा पूर्ण झाल्यावर लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं, आपल्या रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुप्पट, त्याला अठरा लागतात. शेवटी माझ्या भावाने दोघा-तिघांना गाडीतून सोडलं.

मी नंतर कायदा बघितला (नवरा वकिलाच्या ऑफिसात आहे, त्याने काढून दिला). बालकामगारांचा १९८६ चा जो कायदा आहे त्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, चौदाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवायचंच नाही, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत वगैरे एक-दोन अपवाद सोडून. चौदा ते अठरा वयाच्यांना खाणी, स्फोटकं अशी धोक्याची कामं बंद. बाकी काम चालेल, पण सलग तीन तासांच्या वर नाही, मग निदान तासभर सुट्टी, सुट्टी धरून दिवसाचे सहा तास, ओव्हरटाइम नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम अजिबात नाही. म्हणजे सकाळची एक शिफ्ट मधल्या जेवणाच्या सुट्टीसकट नीट बसते कायद्यात. संध्याकाळचा बुफे बसतच नाही. तो पाणीपुरीवाला पोरगा तिथे सातनंतर असायलाच नको होता.

माझा दीर अमेरिकेत असतो, मुंजीला आलेला, तो म्हणे तिकडे हायस्कूलची पोरं सर्रास बर्गर विकतात, कोणाला काही वाटत नाही, डॉक्टरांची पोरं पण. खरंय, पण तिकडेही चौदा-पंधराच्या पोरांना केंद्राच्या कायद्याने शाळेच्या दिवशी तीनच तास, आठवड्याला अठरा, आणि संध्याकाळी सातपर्यंतच, फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊपर्यंत. सोळा झाले की तासांची ही बंधनं तिथे केंद्राच्या कायद्यात नाहीत, राज्याराज्यात वेगळं. म्हणजे कागदावर आपला कायदा सोळा-सतराच्या पोरांना त्यांच्यापेक्षा जास्त सांभाळतो. कार्यालयाच्या मागच्या गेटवर तो कागद कोणी वाचत नाही एवढंच. आणि लाज न वाटण्याच्या बाबतीत दीर बरोबर बोलला, तो मुद्दा मी सासूबाईंसमोर मुद्दाम परत बोलायला लावला.

तिसरं, पैसे. ठरलेले पैसे पोरांना त्या दिवशी मिळाले नाहीत, 'पुढच्या आठवड्यात कॅप्टन जीपे करेल', आणि कॅप्टन प्रत्येकामागे थोडे स्वतःला ठेवतो हे सगळ्यांना माहीत असतं. लेकीच्या मैत्रिणीला जूनमध्ये मिळाले. एवढ्याशा रकमेसाठी पोरगी तीनदा 'दादा पैसे?' असा मेसेज टाकते आणि दादा निळ्या टिका देऊन गप्प. हे मला जेवणाच्या साडेतीनपेक्षा जास्त लागलं, कारण आम्ही ॲडव्हान्स आधी भरला होता आणि उरलेले त्याच रात्री दिले होते.

केटररशी बोलले मी, भांडून नाही, शांतपणे. त्याचं म्हणणं असं की लग्नसराईत माणसं मिळत नाहीत, मोठ्या वयाचे वाढपी दुप्पट मागतात, आणि तुम्हीच लोक रेट पाडून मागता. शेवटचं बरोबर आहे. आम्ही पण ताटामागे घासाघीस केलीच होती. पण घासाघिशीतले पैसे सगळ्यात आधी पोरांच्या जिलबीतून कापायचे हे काही मी सांगितलं नव्हतं.

तर केटरर ठरवताना मेनूच्या आधी हे विचारा: वाढायला कोण येणार, संध्याकाळच्या बुफेला अठराच्या खालची पोरं असणार का (नाही म्हणाला तर ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या), पोरं कधी जेवणार आणि काय, आणि पैसे कोण देणार. मी पुढच्या वेळी वाढप्यांची ताटं सरळ पाहुण्यांच्या आकड्यात धरणार आहे, वीस ताटं वाढली तर काही घर बुडत नाही, आणि पहिल्या पंगतीआधीच त्यांना खायला घालायचं. पोट भरलेलं पोरगं वाढतं पण चांगलं. पैशांचं म्हणाल तर दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बँक खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने २०२५ ला बँकांना मोकळीक दिलीये, तेव्हा 'पोरांची खाती नाहीत हो मॅडम' हे कारण ऐकून घेऊ नका. आणि घरचे कोणी आग्रहाला उभे करा, तो केटररच्या पॅकेजमध्ये येत नाही.

आईबापांसाठी एक, तुमचं लेकरू जात असेल तर कॅप्टनचा नंबर घ्या, कार्यालयाचा पत्ता घ्या, घ्यायला जायची तयारी ठेवा, एवढं झालं की जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र नाही, तेव्हा बारावीच्या प्रिलिम आणि लग्नसराई एकदम येतात आणि ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो, लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय, तिने 'बघू' म्हटलंय.

ती गेली का ग्रुपमध्ये? गेली. सासूबाईंच्या अटीवर, फक्त सकाळची शिफ्ट आणि फक्त ओळखीच्यांच्या घरची नसेल तर. पहिल्याच वेळी एरंडवण्यात आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या मुलाचं लग्न निघालं.

जेवण चार, वाढप पाच, पोरांना वागवणं एक, ज्याने जसं हवं तसं गणित करावं. आणि मठ्ठा ठरलेल्यापेक्षा निम्मा जास्त सांगा, मेमध्ये असेल तर दुप्पट.